आमच्या बोरिंगचं पाणी

मी खर्रा खात नाही. कधीच खाल्ला नाही. हे सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण नवा माणूस माझ्याशी बोलायला लागला की त्याची नजर आधी माझ्या तोंडाकडे जाते आणि पुढचं मला न बोलताच कळतं. आमच्या भागात सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून खर्रा करतात. शाळेतल्या पोरांपासून म्हाताऱ्या बायांपर्यंत पुष्कळ जण तो चघळतात, आणि त्याने दात लाल-काळे होतात. माझे दात तपकिरी आहेत. त्यांच्यावर आडवे पट्टे आहेत, कडेला खडूसारखे पांढरे डाग आहेत, आणि समोरच्या दोन दातांना खड्डे पडलेत. ते खर्ऱ्याने झालेलं नाही. ते पाण्याने झालं. सरकारी बोरिंगच्या, म्हणजे हातपंपाच्या पाण्याने.

मी एसटीत कंडक्टर होते. गडचिरोलीहून मुलचेऱ्याला जाणारी गाडी बरीच वर्षं माझ्याकडे होती. कंडक्टरला तोंड मिटून चालत नाही. तिकीट विचारायचं, सुट्ट्यावरून भांडायचं, थांब्याची नावं ओरडायची. तोंड उघडलं की दात दिसायचे. एकदा एक गुरुजी गाडीत चढले. चांगले इस्त्रीचे कपडे होते. तिकीट घेताना म्हणाले, "ताई, बाईमाणूस असून ड्यूटीवर खर्रा? लेकरं पाहतात तुमच्याकडे."

मी म्हटलं, "गुरुजी, मी खात नाही."

ते हसले. "हो, दिसते ना."

सगळी गाडी हसली. मी पुढच्या सीटवर गेले आणि तिकिटं फाडत राहिले. काय करणार? भर गाडीत प्रत्येकाला माझ्या जन्माची कहाणी सांगत बसू? आणि तेव्हा मला स्वतःला तरी कुठे माहीत होतं? मला वाटायचं, आमच्या घराण्याचेच दात असे. मायचे तसेच, भावाचे तसेच, शेजारच्या काकूच्या पोरांचे तसेच. लग्नाच्या वेळी मला पाहायला आलेल्या पहिल्या दोन ठिकाणच्या लोकांनी हळूच विचारलं होतं, "पोरगी खाते का काही?" तिसरा आला तो प्रमोद. त्याने काही विचारलं नाही. त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे गडचिरोलीत. मी त्याला नवरा म्हणून पसंत केला, त्यात हे न विचारणं मोठं होतं.

मान

दातांनी फक्त लाज दिली. मानेने माझं चालतं-फिरतं आयुष्य अडवलं.

सुरुवातीला सकाळी उठताना पाठ आखडायची. कंडक्टरची नोकरी, खड्ड्यांचा रस्ता, सगळ्यांचंच दुखतं असं समजून मी चालवून घेतलं. मग मान वळेना. मागच्या सीटवरून कोणी हाक मारली की मला अख्खं अंग फिरवून उभं राहावं लागायचं. वाकून खाली पडलेलं नाणं उचलणं बंद झालं. डॉक्टर झाले. एकाने वात सांगितला, एकाने कॅल्शियमची इंजेक्शनं दिली, एक म्हणाला, "चाळिशी आली बाई, असंच असते." दुखणं थांबवायच्या गोळ्या मात्र सगळ्यांनी दिल्या. त्या खाऊन खाऊन पोटात आग पडायची.

आमचे ड्रायव्हर मडावीभाऊ फार कमी बोलायचे. त्यांनी एक दिवस काही न सांगता माझ्या सीटच्या वरच्या दांडीला मोटारसायकलचा जुना आरसा तारेने बांधून टाकला. मी म्हटलं, "हे काय भाऊ?"

"मागचं दिसते का त्यात?"

दिसत होतं. मागच्या दारात कोण लटकलंय, कोण उतरतंय, सगळं. मान न वळवता.

"मंग झालं," म्हणाले आणि गाडी सुरू केली. त्या आरशाने माझी नोकरी पुढे बरेच महिने टिकली. आजारपणात कोणी कोणी काय काय केलं याचा विचार करते तेव्हा तो आरसा आठवतो, आणि त्या एका गोष्टीपुरता राग थोडा निवतो.

मार्कंड्याच्या जत्रेच्या जादा गाड्यांवर माझी ड्यूटी लागली होती तेव्हाची गोष्ट. माणसं दाटीवाटीने उभी. मी गर्दीतून तिकिटं फाडत पुढे गेले आणि एक बाई मागून ओरडली, "मॅडम, तुमची चप्पल!" माझ्या डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली होती आणि मी तशीच चालत आले होते. मला कळलंच नव्हतं. पायाखाली पत्रा आहे की रबर आहे, ते पायाला समजत नव्हतं. मी चप्पल घातली, तिकिटं पूर्ण केली आणि सीटवर येऊन बसले. त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. दुखण्याची नाही. दुखत नसल्याची.

दातांच्या मॅडम

माझा आजार मला पाठीच्या डॉक्टरने सांगितला नाही. दातांच्या डॉक्टरने सांगितला. आणि मी तिच्याकडे माझ्यासाठी गेलेच नव्हते.

माझी पोरगी स्नेहल तेव्हा सातवीत होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला समूहगीतात घेतलं आणि ती घरी येऊन म्हणाली, मी गाणार नाही. का, तर पुढच्या रांगेत उभं केलं होतं. "तोंड उघडलं का पोरी हसतात. दात साफ करून दे, मंग गातो." तिच्या दातांवरही पिवळट पट्टे उमटले होते. वर्गातल्या पोरींनी तिचं नावच खर्रा ठेवलं होतं. मी प्रमोदला दुकान बंद करायला लावलं आणि तिघं मिळून दवाखान्यात गेलो.

मॅडम तरुण होत्या. स्नेहलच्या तोंडात दिवा टाकून त्यांनी बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आई, तुम्ही जरा तोंड उघडा."

मी म्हटलं, "माझं काही नाही, पोरीचे साफ करून द्या."

"उघडा तर."

मी उघडलं. त्यांनी पाहिलं, दिवा बंद केला आणि हातमोजे काढत विचारलं, "कोणत्या गावचं पाणी प्यायलात लहानपणी?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझे दात पाहून खर्रा नाही, पाणी म्हणालं होतं. मला रडू आलं. मी गावाचं नाव सांगितलं. माझं माहेर वैनगंगेच्या पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागून. स्नेहल शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत तिथेच आजीजवळ वाढली, कारण माझी मुक्कामी गाडी असायची.

मॅडम म्हणाल्या, "खोल खडकातल्या पाण्यात फ्लोराइड असतं. ते जास्त असलं तर लहान लेकराचे दात हिरडीच्या आत घडत असतानाच बिघडतात. घासून जात नाहीत ते."

स्नेहल म्हणाली, "पण मॅडम, पेस्टच्या जाहिरातीत तर फ्लोराइड चांगलं म्हणतात."

"थोडं चांगलंच असतं. तुम्ही रोज तांब्या तांब्या भरून प्यायलात." मग मला म्हणाल्या, "सगळ्या गावाचे दात असे आहेत?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. सगळ्या गावाचे नव्हते. माझ्या वर्गात वरच्या आळीतल्या पोरी होत्या, त्यांचे दात पांढरे होते. तपकिरी दात आमच्या वस्तीचे होते. बौद्धांच्या वस्तीचे. मायचं लहानपण दुसऱ्या गावात गेलं, पण तिथेही तिच्या वस्तीला खोल खडकातलंच पाणी होतं. आम्ही बोरिंगचं पाणी प्यायचो. वरची आळी गावातल्या विहिरीचं प्यायची.

मॅडम म्हणाल्या, "उघडी विहीर उथळ असते. तिच्यात बहुतेक कमी असेल."

मी दाराकडे उठले तेव्हा त्यांनी हाक मारली आणि मी नेहमीसारखी अख्खी वळले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मान वळत नाही तुमची?" मग त्यांनी मला परत बसवलं, पाय दाबून बघितले, चपलेची गोष्ट ऐकली आणि प्रमोदला म्हणाल्या, "दातांचं नंतर बघू. यांचा आधी मानेचा एक्स-रे काढा. आजच."

एक्स-रे पाहणाऱ्या डॉक्टरने तो खिडकीच्या उजेडात धरला. माझी हाडं त्यात पांढरीफटक होती, ट्यूबलाइटसारखी. मणक्यांच्या मधल्या ज्या पट्ट्या मऊ असायला हव्यात त्यांचंही हाड झालं होतं, आणि ते हाड आतली नस दाबत होतं. दातांत जे बसलं होतं तेच इतकी वर्षं हाडांत बसत गेलं होतं. ऑपरेशन केलं नाही तर पाय जातील, असं त्यांनी सरळ सांगितलं. केलं तर पाय परत येतील का, यावर ते म्हणाले, "बघू."

घरी आल्यावर

प्रमोद वाईट माणूस नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्या दिवशी तो जे बोलला ते मी विसरलेले नाही. स्नेहल शेजारी गेली होती. तो पलंगावर बसून म्हणाला, "तुझ्या माहेरच्या पाण्यानं माझ्या पोरीचे दात गेले."

मी म्हटलं, "माझी मान गेली, ते दिसत नाही का?"

"दिसते ना. म्हणून तर म्हणून राह्यलो. काऊन ठेवली आपण तिले तिथी?"

आपण म्हणाला, पण बोट माझ्याकडे होतं. नंतर सासूबाईंनी तेच म्हटलं, नणंदेने तेच म्हटलं. पोर आजीकडे ठेवणारी, नोकरी करणारी, दात खराब असलेली आई. एका झटक्यात सगळा दोष माझ्या पदरात. मला इथे कोणाची माफी मागायची नाही. आईने पोरगी आपल्या आईजवळ ठेवली, तिने तिला सरकारने दिलेलं पाणी पाजलं. यात गुन्हा कोणाचा आहे? आजीचा? माझा? का त्या पाण्याचा जाब ज्यांना विचारायला हवा, त्यांचा?

काही दिवस आम्ही दोघं कामापुरतं बोललो. मग एका सकाळी माझा हात मागे पोचेना, वेणी घालता येईना. प्रमोदने न विचारता कंगवा घेतला. वेल्डिंगच्या डागांनी भरलेल्या बोटांनी त्याने अशी वाकडी वेणी घातली की स्नेहल हसून लोळली. त्या वेणीने आम्ही परत बोलायला लागलो.

नागपूर

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात माझा नंबर लागेपर्यंत मला हाताला धरून चालवावं लागत होतं. वॉर्डात सकाळ लवकर व्हायची. झाडूवाली बाई पलंगाखालून ओला पोचा फिरवायची, मग चहा, मग सिस्टर सुया घेऊन यायच्या, मग मोठे डॉक्टर आणि त्यांच्यामागे विद्यार्थ्यांचा घोळका.

मोठे डॉक्टर हुशार होते, माझे पाय त्यांनीच वाचवले. पण त्या रोजच्या फेरीची आठवण आली की अजून कानशिलं तापतात. ते माझ्या पलंगाशी थांबायचे आणि विद्यार्थ्यांना म्हणायचे, "दात बघा. क्लासिकल आहे, अगदी पुस्तकातल्यासारखं." मला म्हणायचे, "तोंड उघडा बाई." मग एकेक जण वाकून बघायचा. कोणी मोबाइलने फोटो काढायचा. एकाही पोराने विचारलं नाही की बाई, हे दात घेऊन तुम्ही जगलात कशा. क्लासिकल म्हणे! ज्या दातांवर माझी सोयरीक अडली, भर गाडीत माणसं हसली, ते इथे येऊन एकदम मौल्यवान झाले होते.

एक दिवस मी तोंड उघडलंच नाही. डॉक्टर म्हणाले, "काय झालं?"

मी म्हटलं, "सर, यांना तुम्ही माझे दात दाखवता. मग हेही सांगा की हे पाणी अजून चालू आहे. माझी माय आज सकाळी तेच प्यायली असेल."

डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आणि पुढच्या पलंगाकडे गेले. बरोबर आहे म्हणून पुढे जाणं, हे मी त्यानंतर पुष्कळ साहेबांकडून पाहिलं.

माझ्या शेजारच्या पलंगावर मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातली एक म्हातारी होती, कंबर मोडलेली. तिने मला आवाजावरून ओळखलं. "तुम बसवाली मॅडम ना? हमारा स्टॉप पर बहुत चिल्लाती थी, जल्दी चढो, जल्दी चढो." मला लाज वाटली. ती म्हणाली, "अब चिल्लाओ. सिस्टर को बोलो हमारा चाय जल्दी लाओ." मी बसमध्ये ओरडायचे तशी ओरडले, "चला, चहावाले पुढे सरका!" अख्खा वॉर्ड हसला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी इतकी हसले होते, हे नंतर मलाच खरं वाटेना. आणि तेही तोंड न झाकता.

ऑपरेशनला लागायचा त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागला. नंतर डॉक्टर म्हणाले, हाड इतकं कडक होतं की हत्यारं चालेनात. शुद्धीवर आल्यावर सिस्टरने माझ्या तळव्यावर पेनाचं टोक ओढलं आणि मी पाय मागे घेतला. "लागलं?" तिने विचारलं. लागलं होतं. मला ते दुखणं साखरेसारखं वाटलं.

ज्यांना अशा ऑपरेशनला जायचं आहे त्यांच्यासाठी खरं तेच लिहिते. मी चालते. जिन्याला कठडा लागतो. मान पूर्वीइतकी वळत नाही आणि वळणार नाही. बसच्या पायऱ्या आता माझ्या नाहीत. मला स्टँडवरच्या चौकशी खिडकीत बसवलंय आणि तिथून मी गाड्यांच्या वेळा पुकारते. पाय राहिले, हे थोडं नाही. पण कोणी मला नशीबवान म्हटलं की माझं डोकं फिरतं. ज्या रोगाला फक्त दुसरं पाणी देऊन अडवता आलं असतं, त्याच्यासाठी मला मणका फोडून घ्यावा लागला.

माय

ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा माहेरी गेले ते मायला सांगायला. फोनवर सांगितलं नव्हतं, कारण त्या बोरिंगचं आणि मायचं नातं सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे.

मी तान्ही होते तेव्हा वस्तीत पाणी नव्हतं. गावातली विहीर कागदावर सगळ्यांची होती. पण आमच्या बायांनी बादली सोडली की वरच्या आळीतल्या बाया आपले गुंड, म्हणजे हंडे, उचलून बाजूला उभ्या राहायच्या, पुटपुटायच्या, कधी भांडण व्हायचं, कधी दोर कापलेला सापडायचा. शेवटी माय म्हणाली, त्यांच्या दारात जायचंच नाही, आपलं पाणी आपण आणू. वस्तीतल्या बाया घेऊन ती पंचायत समितीच्या दारात बसली, हाकलली तरी परत गेली, आणि वस्तीत बोरिंग आणून दाखवली. पहिलं पाणी निघालं त्या दिवशी विहारात वंदना झाली, गोड वाटलं गेलं. तेव्हापासून ती बोरिंगवाली पार्बताबाई.

आता तीच पार्बताबाई ओट्यावर बसली होती, कंबरेत वाकलेली, हनुवटी छातीला टेकायला आलेली. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खोटं हाय."

"माय, एक्स-रे आहे माझा."

"मायी बोरिंग जहर देईन?" तिने तांब्या उचलला आणि माझ्यासमोर घटाघटा पाणी प्यायली. मी तो तांब्या हिसकून घेतला. पाणी दोघींच्या अंगावर सांडलं. ती मला मारायला उठली आणि उठता आलं नाही म्हणून तशीच खाली बसली.

मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्हणून लाल रंग मारला होता का?"

"कोणता लाल रंग?"

"तुयं लग्न झालं त्या साली एक माणूस आला होता डबा घेऊन. बोरिंगले लाल रंग मारला. म्हणे, हे पाणी पिऊ नका. मी म्हटलं, मंग कोणतं पिऊ बाबू? तो म्हणे, ते मले नाई माहीत, मले रंग मारायले सांगतलं. अन् गेला. कोणी आलंच नाई मंग. मले वाटलं, लोखंड गंजते म्हणून मारला असन."

माझ्या लग्नाच्या साली. म्हणजे स्नेहल जन्मायच्या आधी.

माझा खरा राग इथला आहे. खडकात फ्लोराइड आहे हा कोणाचा गुन्हा नाही. बोरिंग खणली तेव्हा माहीत नव्हतं, तेही मी एक वेळ सोडून देईन. पण रंगाचा डबा घेऊन माणूस पाठवला म्हणजे त्याआधी कोणीतरी पाणी तपासलं होतं. कोणाला तरी कळलं होतं. कळल्यावर त्यांनी काय केलं? रंग मारला. दुसरं पाणी दिलं नाही, वस्तीत बसून चार शब्दांत समजावलं नाही, लेकरांचे दात बघितले नाहीत. रंग पावसात उडाला, आणि त्याच बोरिंगचं पाणी हापसून मायने माझ्या पोरीच्या दुधात घातलं.

विहीर

मायने दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं, "विहिरीवर जाऊ."

मी तिला थांबवलं. आधी विहिरीचं पाणी बाटलीत भरून दातांच्या मॅडमकडे नेलं, त्यांनी ते तपासायला पाठवलं. फ्लोराइड अगदी कमी निघालं. उकळून प्या, म्हणाल्या. मग वस्तीतल्या बाया गुंड, बकेटा घेऊन निघाल्या. पुढे माय, काठी टेकत, जमिनीकडे बघत. मी तिच्या शेजारी, मान ताठ, कारण मला ती वाकवताच येत नाही.

विहिरीजवळ वरच्या आळीतले केशवभाऊ बसले होते. मायच्याच वयाचे. मला वाटलं होतं, आता भांडण होईल, आणि खरं सांगते, मला भांडण हवं होतं. केशवभाऊ उठून म्हणाले, "भरा ना बाई. आता कोण अडवते?"

माय थांबली. तिला त्यांच्या तोंडाकडे बघता येत नव्हतं, ती त्यांच्या चपलांकडे बघूनच बोलली. "तवा कोण अडवत होतं, भाऊ?"

"तवाची गोष्ट येगळी होती."

"तवाच आमच्या लेकराइले दात येऊन राह्यले होते," माय म्हणाली.

केशवभाऊंनी दोर धरला आणि पहिली बादली स्वतः ओढून दिली. चांगलं केलं. पण मला त्याने बरं वाटलं नाही, आणि वाटायला हवं होतं असंही कोणी सांगू नये. इतकं सोपं होतं. थोडंसं चालत जायचं आणि बादली सोडायची. तेवढं अंतर आमच्या दोन पिढ्यांच्या हाडांत जाऊन बसलं.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. तुमच्या गावातल्या लेकरांचे दात उजेडात बघा. पट्टे दिसले तर घासत बसू नका आणि लेकराला दोषही देऊ नका. पाणी तपासायला पाठवा. बोरिंगला लाल रंग असेल तर का मारला ते विचारा, आणि मग पिऊ काय, हेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा. पाठ-मान आखडली असेल तर डॉक्टरला आपलं गाव सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. स्नेहलच्या दोन दातांना मॅडमनी रंग जुळवून लेप लावून दिला, ती आता गाते. पण तिच्या पाठीचं काय होईल ते आम्हाला माहीत नाही, आणि ती सकाळी अंग ताणून आळस देते तेव्हा मी बघत असते, वाकते का नीट.

फोटो

उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, दोन्ही आळ्यांत बादलीवरून वाद व्हायला लागला आणि मग मात्र सरकारी हालचाल झाली. मी आणि वस्तीतल्या बाया ज्या ज्या टेबलापुढे उभ्या राहिलो त्यांचं वर्णन करत नाही. विहाराजवळ पाणी गाळायचं मशीन बसलं. उद्घाटनाला साहेब आले, नारळ आला, हार आला. बोरिंगचं डोकं काढून तिथे झाकण ठोकलं होतं. माय त्याच्याकडे न बघता पुढे गेली.

साहेबांनी भाषणात जागरूक ग्रामस्थांचे आभार मानले. लाल रंगाबद्दल ते काही बोलले नाहीत. मी विचारलं, "साहेब, रंग मारला तेव्हापासून आजपर्यंत जी लेकरं ते पाणी प्यायली त्यांची तपासणी कधी?" ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, घेऊ आपण," आणि फोटोकडे वळले.

फोटोसाठी त्यांना सगळ्यात म्हातारी बाई हवी होती. मायच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. मोबाइल धरलेला कर्मचारी म्हणाला, "आजी, वर पाहा जरा. हां, हसा. तोंड मिटून हसा आजी, फोटो चांगला येते."

माय म्हणाली, "मले वर नाई पाह्यता येत, बाबू. तू खाली बस."

त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. तो तिच्या पायाशी उकिडवा बसला आणि मोबाइल वर धरला. वस्तीच्या सगळ्या बाया बघत होत्या. मायने ग्लास माझ्या हातात दिला, ओठ बोटांनी बाजूला ओढले, वरचे, खालचे, उरलेले सगळे तपकिरी दात त्या मोबाइलसमोर उघडे केले आणि ओठ तसेच धरून ठेवून बोबड्या आवाजात म्हणाली,

"आता काढ."